श्वासाचा कारभारी आणि शेणाची टाकी

मार्च 2023 मध्ये बारामती तालुक्यातील खांडज येथे गोठ्याच्या शेण-मुताच्या टाकीत गुदमरून चार जण दगावले. एक आत अडकला, त्याला काढायला गेलेलेही परत आले नाहीत. धोका त्यांना कळला कसा नाही? अशा टाक्या बारामती-इंदापूर भागात गावोगाव आहेत आणि त्यांत उतरण्याचे काम बहुधा कष्टकऱ्याच्याच वाट्याला येते. म्हणून आम्ही आज हा विषय घेत आहोत.

आपल्या श्वासाचा कारभारी मेंदूच्या तळाशी, मानेच्या वरच्या बाजूस असतो. त्याचे नाव मस्तिष्कपुच्छ. आपण झोपलो तरी तो जागा असतो. मिनिटाला बारा ते वीस वेळा तो श्वासपटलाला आणि बरगड्यांच्या स्नायूंना हुकूम सोडतो. त्याचे लक्ष मुख्यतः एकाच गोष्टीवर असते : रक्तात कार्बन डायऑक्साइड किती साचला. आपण श्वास रोखून धरला की जीव कासावीस होतो तो मुख्यतः या साचलेल्या वायूमुळे.

ऑक्सिजन कमी झाल्याची खबर मानेतील रक्तवाहिन्यांजवळच्या पेशी देतात. पण शेण कुजून टाकीत मिथेनसारखे वायू भरलेले असतात, ऑक्सिजन जवळजवळ उरलेला नसतो. तेथे माणूस सावध होण्याआधीच त्याची शुद्ध हरपते. त्यातच हायड्रोजन सल्फाइड हा सडक्या अंड्याच्या वासाचा विषारी वायू असतो. तो फार झाला की नाक बधिर होते आणि मेंदूतील कारभारीच बंद पडतो. म्हणून वास गेला म्हणजे गॅस गेला, असे समजू नये. शेण ढवळले की हा वायू एकदम उसळतो.

तोंडाला ओला रुमाल बांधून काही उपयोग नाही. कंदील सोडून पाहू नये, मिथेन पेट घेतो. आत कोणी पडला तर त्याच्यामागे उतरू नका. 112 किंवा 108 ला फोन करा, अग्निशमन दलाला बोलवा. हवेचे नळकांडे पाठीला लावलेला माणूसच आत जाऊ शकतो.

मैल्याच्या टाकीत सुरक्षा साधनांशिवाय कोणालाही उतरवण्यास 2013 च्या कायद्याने बंदी आहे. मालकाने दटावले तरी 'नाही' म्हणा. माताभगिनींनो, कामावर निघालेल्या मुलाला हे आजच सांगा. पोटाच्या पोराला, सख्ख्या भावाला वाचवायला धावणे हा माणसाचा स्वभावच आहे; पण या टाकीत धाडस कामाला येत नाही.