पानिपत : सावकाराच्या पत्रातील हिशेब

पानिपतचे अभ्यासक तलवारीइतकाच रसदीचाही विचार करतात. ऑगस्ट १७६० मध्ये दिल्ली हाती आली, पण पैसा नव्हता. सदाशिवरावभाऊंनी दिवाण-इ-खासच्या छताची चांदी उतरवून नाणी पाडली. ऑक्टोबरात अब्दालीने यमुना ओलांडून दक्षिणेची वाट रोखली. डिसेंबरात, ज्यांच्यावर रसदीची भिस्त होती ते गोविंदपंत बुंदेले मारले गेले. छावणीत यात्रेकरू, बायका-मुलेही उपाशी होती. १४ जानेवारी १७६१ रोजी भुकेले सैन्य लढाईस निघाले.

पराभवाची वार्ता नानासाहेब पेशव्यांना एका सावकाराच्या सांकेतिक पत्रातून कळली, असे सांगतात. त्या पत्रात भाऊ व विश्वासराव ही मोत्ये होती, सरदार मोहरा. सामान्य शिपाई म्हणजे खुर्दा. त्याची गणतीच नव्हती.