विद्यार्थ्यांचे दीर्घ लेखन : उपनगरी शाळांपुढील एक उपक्रम

शालेय मराठीच्या अभ्यासक्रमात कथालेखन, प्रसंगलेखन व आत्मकथन यांना स्थान आहे. परंतु परीक्षेतील पानभर उत्तर आणि विद्यार्थ्याने चार महिने खपून लिहिलेली दीर्घ कथा यांत मोठे अंतर आहे. योग्य नियोजनाअभावी असा प्रकल्प शेवटच्या आठवड्यात उरकला जातो. मग मार्गदर्शक पुस्तकातून, मागील वर्षाच्या वहीतून किंवा आता संगणकाने जुळवून दिलेल्या मजकुरातून प्रत उतरविली जाते. गुण मिळतात, लेखन मात्र घडत नाही. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड या परिसरातील शाळांनी त्यासाठी काही गोष्टी ध्यानात घेणे हितावह ठरेल.

विषय दाराशीच

विद्यार्थी विषयाच्या शोधात राजवाडे व रहस्यकथांकडे धावतात. वस्तुतः उपनगरांत विषयांची वाण नाही. १८५३ साली ठाण्याकडे निघालेली पहिली आगगाडी आजच्या घाटकोपर-मुलुंडच्याच भूमीवरून गेली. विहार तलावाचे पाणी १८६० पासून शहराला मिळू लागले. डोंगरउतारावरील वस्तीत हंडा घेऊन चढणाऱ्या मुलीला पाण्याची कथा निराळी सांगता येईल. वेसाव्याचा कोळीवाडा, आरे परिसरातील वारली पाडे, कान्हेरीची लेणी ही सर्व कथाबीजेच आहेत.

अण्णाभाऊ साठे यांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. १९२० साली वाटेगाव येथे जन्मलेल्या अण्णाभाऊंना शालेय शिक्षण जवळजवळ लाभलेच नाही. घाटकोपरच्या चिरागनगरातील झोपडीत त्यांनी दीर्घकाळ वास्तव्य केले. १९५९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘फकिरा’ या त्यांच्या कादंबरीला राज्य शासनाचा पुरस्कार लाभला. तिचा विषय त्यांच्याच मुलखातील व समाजातील माणसांचा होता. जवळून जाणलेले जीवन हेच लेखनाचे खरे भांडवल, हा बोध विद्यार्थ्यांनी घ्यावा.

वेळेची विभागणी

सोळा आठवड्यांचा प्रकल्प असल्यास पहिले दोन आठवडे विषय ठरविण्यास द्यावेत. पुढील चार आठवडे घरातील वडीलधाऱ्यांशी बोलणे, स्थळ पाहणे व टिपणे करणे यांसाठी ठेवावेत. त्यानंतर सहा आठवडे दर आठवड्यास पाचशे शब्द लिहिल्यास तीन हजार शब्दांचा कच्चा खर्डा तयार होतो. उरलेले चार आठवडे पुनर्लेखनाचे. खर्डा मोठ्याने वाचल्यास लांबलेले वर्णन व कृत्रिम संवाद कानाला आपोआप खटकतात. शेजाऱ्यापाजाऱ्यांवर लिहिताना नावे बदलावीत आणि कोणाचे घरगुती दुःख उघडे पडणार नाही, याची काळजी घ्यावी.

घरची भाषा

मुंबई महानगरपालिकेच्या शाळा आठ भाषामाध्यमांतून चालतात. मराठी माध्यमाच्या वर्गातही मालवणी, आगरी, अहिराणी बोलणारी मुले शेजारी बसतात. निवेदन प्रमाण मराठीत ठेवून पात्रांचे संवाद त्यांच्या बोलीत लिहिण्याची मुभा असावी. आजीच्या तोंडी पाठ्यपुस्तकातील वाक्य घातले की आजी नाहीशी होते.

शिक्षकांचे कार्य

पहिल्या खर्ड्यावर शुद्धलेखनाच्या लाल खुणांचा भडिमार केल्यास विद्यार्थ्याची लेखणी थबकते. त्या टप्प्यावर शिक्षकांनी समासात प्रश्न लिहावेत: ‘येथे आई काय म्हणाली?’, ‘हे घर कसे दिसते?’ शुद्धलेखनाची तपासणी अखेरच्या प्रतीवर करावी. गुणदान करताना टिपणवही, खर्डे व अंतिम प्रत या तिन्हींचा विचार व्हावा. उसन्या मजकुराला आळा घालण्याचा हाच खात्रीचा उपाय होय. कारण तयार कथा कोठूनही आणता येते, पण तिच्यामागे चार महिन्यांची खोडाखोड उभी करता येत नाही.

जागेची सोय

अनेक विद्यार्थ्यांचे घर एका खोलीचे असते. स्वयंपाक, दूरचित्रवाणी आणि धाकटी भावंडे यांच्यामध्ये वही उघडण्यास कोपरा मिळत नाही. अशांच्या अपुऱ्या लेखनाला आळस म्हणणे अन्यायाचे ठरेल. शाळा सुटल्यावर आठवड्यातून दोन दिवस एक वर्ग तासभर खुला ठेवणे किंवा जवळच्या अभ्यासिकेत त्यांची व्यवस्था करणे अधिकाऱ्यांना व मुख्याध्यापकांना सहज शक्य आहे. ग्रामीण भागात ग्रामपंचायतीचे सभागृह वा वाचनालय हेच काम करू शकेल.

मराठी शाळांत हस्तलिखित वार्षिकाची परंपरा जुनी आहे. पूर्ण झालेल्या कथा अशा हस्तलिखितात एकत्र बांधून शाळेच्या ग्रंथालयात ठेवल्यास पुढील वर्षीच्या विद्यार्थ्यांना आपल्याच वस्तीतील मुलांचे लेखन वाचावयास मिळेल. आपलेही जीवन लिहिण्याजोगे आहे, हा विश्वास त्यांच्या ठायी त्यातूनच निर्माण होईल.