पाय टेकतो तेव्हा

फूटभर उंच खोक्यावरून खाली उडी मारायची, दोन्ही पायांवर उतरायचं आणि तिथेच थांबायचं. छत्रपती संभाजीनगरात गारखेड्याच्या विभागीय क्रीडा संकुलासारख्या मैदानावर सरावाला येणाऱ्या तेरा-चौदा वर्षांच्या मुलींना हे पहिल्यांदा सांगितलं, की त्यांना हसू येतं. यात काय शिकायचं? मग प्रशिक्षक मोबाइलवर टिपलेली उडी संथ करून दाखवतो. पाय टेकताक्षणी दोन्ही गुडघे एकमेकांकडे कललेले दिसतात. ‘गुडघा आत नको, बोटांच्या रेषेत’ ही सूचना त्यानंतर सराव संपेपर्यंत थांबत नाही.

गुडघा असा आत मोडला की सगळ्यात जास्त ताण येतो तो एसीएल या आतल्या अस्थिबंधावर. तो तुटला की बहुतेकदा शस्त्रक्रिया आणि मैदानापासून नऊ-दहा महिन्यांची सुटी ठरलेली; काही मुली परततच नाहीत. टिमथी ह्युएट आणि सहकाऱ्यांनी 2005 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात 205 खेळाडू मुलींच्या उड्या आधी मोजून ठेवल्या होत्या. पुढे त्यांतल्या नऊजणींचा एसीएल तुटला. उतरताना या नऊजणींचे गुडघे इतरांपेक्षा सरासरी आठ अंशांनी जास्त आत जात होते. आठ अंश म्हणजे सवय नसलेल्या डोळ्यांना दिसणारही नाहीत इतके.

वयात येताना मुलामुलींची हाडं झपाट्याने लांबतात. मुलांच्या अंगात त्याच सुमाराला स्नायूंचं बळही भरतं. मुलींमध्ये ते त्या वेगाने वाढत नाही. उंची, वजन, कमरेची ठेवण बदललेली असते आणि हे नवं शरीर आवरणारी ताकद मागे राहिलेली असते. उडी आणि अचानक वळण असलेल्या खेळांत मुलींचा एसीएल मुलांच्या कितीतरी पटींनी जास्त वेळा तुटतो, त्यामागचं हे एक मोठं कारण.

मराठवाड्यात हे समजायला खो-खो पुरेसा आहे. पाठलाग करणारी चौकात बसलेली असते, ‘खो’ मिळताच त्या बैठकीतूनच सुसाट सुटते, खांबाला वळसा घालते, सूर मारते. पळणारी हुलकावणी देताना एकाच पायावर सगळा भार घेऊन दिशा बदलते. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत प्रियांका इंगळेच्या नेतृत्वाखाली भारतीय मुलींनी पहिला खो-खो विश्वचषक जिंकला, तो मॅटवर. गावोगावी सराव मात्र अजून मातीवरच होतो. माती पायाला थोडं सरकू देते. मॅटवर बूट पकडला जातो आणि वळणाचा पीळ थेट गुडघ्यात जातो. मोठ्या स्पर्धेच्या चार दिवस आधी मुलींना पहिल्यांदा मॅटवर उतरवणं हा म्हणूनच जुगार आहे.

सरावातला ताकदीचा भाग दिसायला साधा असतो. खांद्यावर आधी नुसती काठी घेऊन स्क्वॉट, मग रिकामा बार, ढब जमली तरच प्लेट. एका पायावर उभं राहून जोडीदारणीने दिलेला धक्का सोसणं. गुडघ्यांवर बसायचं, जोडीदारणीने घोटे धरायचे आणि अंग सरळ ठेवून हळूहळू पुढे झुकायचं. मांडीमागचे स्नायू दुसऱ्या दिवशी बोलायला लागतात. मुलाखतीत सांगण्यासारखं यात काहीच नाही, पण गुडघा सावरतो तो यामुळेच.

‘वजन उचललं की उंची खुंटते’ हे पालकांचं भय मात्र जुनं आहे. देखरेखीखाली, योग्य पद्धतीने केलेल्या वजनाच्या व्यायामाने वाढ खुंटल्याचा पुरावा नाही. वडगाव मावळच्या हर्षदा गरुडने 2022 मध्ये ग्रीसमध्ये 45 किलो गटात एकूण 153 किलो उचलून कनिष्ठ जागतिक स्पर्धेत भारताला पहिलं सुवर्ण मिळवून दिलं. त्याच वर्षी मनमाडच्या आकांक्षा व्यवहारेने 40 किलो गटात जागतिक युवा स्पर्धेचं रौप्य मिळवलं. मनमाड संभाजीनगरपासून रेल्वेने काही तासांवर. घरच्यांची समजूत काढताना ही नावं कुठल्याही शोधनिबंधापेक्षा जास्त कामाला येतात.

डब्याचा प्रश्न त्याहून अवघड. 2019–21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 15 ते 19 वयोगटातल्या सुमारे 59 टक्के मुलींना रक्तक्षय आढळला. सकाळी चहा-बिस्किटावर मैदानात आलेल्या मुलीला प्रशिक्षकाने आणखी जोर लावायला सांगण्यात काय अर्थ? पाळी महिनोन्‌महिने चुकत असेल, तर खाणं श्रमाला पुरत नसल्याची ती खूण असू शकते. पुरुष प्रशिक्षकाला हे विचारायला संकोच वाटतो, मुलीला सांगायला. संघासोबत एखादी ताई असली की हे बोलणं सोपं होतं.

नॉर्वेत 13 ते 17 वर्षांच्या फुटबॉलपटू मुलींच्या 125 क्लबांवर उडी, ताकद आणि तोलाच्या अशाच व्यायामांचा वीसेक मिनिटांचा वॉर्म-अप आजमावला गेला. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तो करणाऱ्या संघांत गंभीर दुखापती जवळपास निम्म्याने कमी झाल्या. त्याला ना मशीन लागतं, ना जिमची वर्गणी. लागतो तो नेम, आणि इथेच घोडं अडतं. जिल्हा स्पर्धेची तारीख लागली की वेळापत्रकातून आधी हीच वीस मिनिटं कापली जातात आणि त्या जागी मैदानाच्या आणखी चार फेऱ्या येतात. नॉर्वेतही ज्या खेळाडूंनी हा वॉर्म-अप जास्त नियमाने केला, त्यांना इजा कमी झाल्या होत्या.