अकरा टोकांचं पान आणि बर्फातलं नाणं

कॅनडाचा झेंडा आठवतोय ना? दोन बाजूंना लाल पट्टे, मध्ये पांढरं आणि त्यावर मेपलचं लाल पान. आता देठ सोडून पानाची टोकं मोजा. बरोबर अकरा! पण शुगर मेपलच्या खऱ्या पानाला याहून जास्त टोकं असतात. मग बाकीची गेली कुठे?

वाऱ्याने नेली!

खरंच. आधीच्या झेंड्याच्या कोपऱ्यात ब्रिटनचा झेंडा असायचा. १९६४ साली पंतप्रधान लेस्टर पिअर्सन यांनी नव्या झेंड्याचा विषय काढला आणि संसदेत महिनोन्‌महिने कडाक्याचं भांडण जुंपलं. शेवटी पान ठरलं, तेही तेरा टोकांचं. पण झेंडा काही भिंतीवरच्या चित्रासारखा गप्प बसत नाही, फडफडतो. हलणाऱ्या चित्रातल्या जवळजवळच्या रेघा आपल्या डोळ्यांना एकमेकींत मिसळलेल्या दिसतात. म्हणून वेगवेगळी पानं जोराच्या कृत्रिम वाऱ्यात फडकवून पाहिली. सगळ्यांत स्पष्ट दिसलं ते अकरा टोकांचं. १५ फेब्रुवारी १९६५ रोजी तोच झेंडा वर चढला.

आता हे पान कॅनडात कुठे नसतं ते विचारा! प्रवासाला निघालेल्यांच्या पाठपिशव्यांवर, विमानांच्या शेपटीवर, खेळाडूंच्या जर्सीवर. मॅकडोनाल्ड्सच्या पिवळ्या कमानीतसुद्धा तिथे एक चिमुकलं मेपलचं पान असतं.

कॅनडाच्या जुन्या एक सेंटच्या नाण्यावर मात्र गडबड आहे. मेपलच्या फांदीवर पानं समोरासमोर जोडीने येतात, आपल्या तुळशीसारखी. नाण्यावरच्या डहाळीला ती एक इकडे, एक तिकडे अशी आलीत. देशाचं लाडकं झाड, आणि वर्षानुवर्षं खिशात चुकीचं चित्र! मला तर हे फारच आवडतं.

पण नाण्याची खरी धमाल पुढे आहे. कॅनडाच्या एक डॉलरच्या सोनेरी नाण्यावर लून नावाचा पाणपक्षी असतो, म्हणून सगळे त्याला 'लूनी' म्हणतात. २००२ साली अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीत हिवाळी ऑलिंपिक होतं. बर्फावरच्या हॉकीचं मैदान तयार करणाऱ्यांत ट्रेंट इव्हान्स नावाचा कॅनडाचा माणूस होता. असं मैदान एकदम गोठवत नाहीत. थंडगार फरशीवर पाण्याचे पातळ थर एकावर एक गोठवत जातात. सगळं मिळून जाडी साधारण इंचभर. या पठ्ठ्याने काय केलं, मैदानाच्या मधोमध एक लूनी ठेवला आणि वर पाणी गोठवून टाकलं. झालं गुप्त!

कॅनडाच्या मुलींनी अंतिम सामन्यात यजमान अमेरिकेलाच हरवलं. तीन दिवसांनी मुलांच्या संघानेही अमेरिकेला हरवलं. पुरुषांच्या हॉकीत कॅनडाला याआधीचं सुवर्ण मिळालं होतं ते थेट १९५२ साली! आता विज्ञान सांगतं की बर्फाखालचं नाणं काही गोल करत नाही. पण कॅनडातल्या एखाद्या मुलाला हे सांगून पाहा, तो तुमच्याशी तासभर वाद घालेल.

सामने संपल्यावर बर्फ फोडून लूनी बाहेर काढला. आज तो टोरांटोच्या 'हॉकी हॉल ऑफ फेम'मध्ये आहे. त्याची किंमत अजूनही एक डॉलरच, पण विकत मागायला जाऊ नका!