रुग्ण-वर्गवारी

रुग्ण-वर्गवारी : आपत्कालीन विभागात येणाऱ्या रुग्णांपैकी कोणावर आधी उपचार करावयाचे, हे आगमनाच्या क्रमावरून न ठरविता आजाराच्या वा इजेच्या गांभीर्यावरून ठरविण्याची पद्धत. तिला ‘ट्रायाज’ असेही म्हणतात. ‘निवडणे’ या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदापासून ही संज्ञा आली आहे. नेपोलियनच्या सैन्यातील शस्त्रक्रियातज्ञ दॉमीनीक झां लारे (१७६६–१८४२) यांनी हुद्दा विचारात न घेता गंभीर जखमींवर प्रथम उपचार करण्याचा पायंडा पाडला.

रुग्णाशी पहिली गाठ बहुधा परिचारिकेची पडत असल्याने हे काम अनेक ठिकाणी तिच्याकडे असते. श्वासमार्ग, श्वसन, रुधिराभिसरण व शुद्धी यांची त्याच क्रमाने पाहणी करून, तसेच नाडी, रक्तदाब व तापमान नोंदवून ती वर्ग ठरविते. तांबडा (तातडीचा), पिवळा (काही काळ थांबू शकणारा) व हिरवा (किरकोळ) असे तीन वर्ग रूढ आहेत. ऑस्ट्रेलियातील पद्धतीत पाच वर्ग असून त्यांसाठी प्रतीक्षेची कमाल मर्यादा अनुक्रमे शून्य, १०, ३०, ६० व १२० मिनिटे आहे.

वेदनेची तीव्रता व जीविताचा धोका यांचे प्रमाण सारखे नसते. कोकणातील विषारी दंशांत हे विशेष दिसते. महाड परिसरातील वैद्य हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशाविषयीची निरीक्षणे १९८२ मध्ये लॅन्सेट या नियतकालिकात प्रसिद्ध केली. उलट्या, भरपूर घाम, लाळ व गार पडलेले हातपाय ही हृदयावरील दुष्परिणामांची पूर्वचिन्हे होत. ती नसून केवळ दंशस्थानी असह्य वेदना असलेल्या रुग्णाला सहसा कमी धोका असतो [⟶ विंचू]. मण्यार चावल्यास सूज वा वेदना जवळजवळ नसते. पापण्या जड होऊन पुढे श्वसनस्नायू लुळे पडतात. म्हणून शांत दिसणाऱ्या दंशरुग्णास हिरव्या वर्गात टाकणे घातक ठरते.

मुंबई–गोवा महामार्गावरील कुडाळसारख्या (जि. सिंधुदुर्ग) तालुक्याच्या ठिकाणाहून गंभीर रुग्ण ओरोस येथील शासकीय रुग्णालयात किंवा गोव्यातील बांबोळीस न्यावे लागतात. राज्यात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा उपलब्ध आहे. रुग्णवाहिका एक व रुग्ण अनेक असल्यास प्रथम कोणाला पाठवावयाचे, हेही वर्गवारीवरच अवलंबून असते.

वर्ग एकदा ठरला म्हणजे कायम होत नाही. थांबलेल्या रुग्णांची ठराविक वेळाने फेरतपासणी आवश्यक असते. गरजेपेक्षा वरचा वर्ग दिल्यास मनुष्यबळ अडकून पडते व इतरांना थांबावे लागते; खालचा दिल्यास त्या रुग्णाचा जीव जाऊ शकतो. त्यामुळे शंका असल्यास वरचा वर्ग देतात. रंगांचे कोष्टक पाठ असणे पुरेसे नसते. प्रत्यक्ष रुग्णांवरील सराव व झालेल्या निर्णयांचा नियमित आढावा यांनीच परिचारिकेचे हे कौशल्य टिकते.