पांढरी तीनपासून काळी एकपर्यंत

भोसरीच्या एका प्रेस शॉपमध्ये मी नऊ वर्षे काढली. तिथे नवा माणूस कामावर आला की जुने कामगार आधी त्याचे हात पाहत, मग चेहरा. ‘ब्लॅक सबाथ’ या ब्रिटिश रॉक बँडचा गिटारवादक टोनी आयोमी याची हकीकत पहिल्यांदा वाचली, तेव्हा संगीताच्या आधी मला दिसली ती मशीनच.

साल 1965, गाव बर्मिंगहॅम. सतरा वर्षांचा आयोमी पत्र्याच्या कारखान्यात वेल्डिंग करीत असे. नोकरीचा तो शेवटचा दिवस. पुढे एका बँडबरोबर दौऱ्यावर जायचे होते. जेवायला घरी आल्यावर परत जाण्याची त्याची इच्छा नव्हती, पण आईने बजावले की काम नीट संपवूनच ये. प्रेसवरचा माणूस आला नव्हता, म्हणून याला तिथे उभे केले. ती मशीन त्याने कधी चालवलेली नव्हती. प्रेस उजव्या हातावर उतरली, त्याने हात मागे ओढला आणि मधल्या बोटाची व अनामिकेची टोके गेली. आयोमी डावखुरा. म्हणजे गेली ती तारा दाबणारी बोटे.

गिटार विसर, असे डॉक्टरांनी सांगितले. फोरमनने मात्र जँगो राइनहार्टची रेकॉर्ड आणून ऐकवली. 1928 साली आगीत भाजून राइनहार्टची दोन बोटे निकामी झाली होती आणि उरलेल्यांवर तो जाझ वाजवीत होता. मग आयोमीने भांडी घासायच्या द्रवाची प्लॅस्टिकची बाटली वितळवली, गोळी केली, तापलेल्या सोल्डरिंग आयर्नने तिला भोक पाडले, पॉलिश पेपरने घासून बोटावर बसेल अशी टोपी केली. प्लॅस्टिक तारेवरून निसटे, तेव्हा जुन्या जाकिटाचे चामडे वर चिकटवले. टोपीतून तारेचा स्पर्श कळत नाही. दाब किती द्यायचा हे कानानेच ठरवायचे. बारीक तारा तेव्हा बाजारात मिळत नव्हत्या, म्हणून त्याने बॅन्जोच्या तारा चढवल्या.

इथून पुढे बहुतेक लेखक एक सोपी गोष्ट सांगतात: बोटे दुखत म्हणून त्याने तारा उतरवल्या, आवाज खर्जात गेला आणि ‘हेवी मेटल’ जन्मले. मला हे पटत नाही, आणि तारखाही विरुद्ध साक्ष देतात. पहिला अल्बम 13 फेब्रुवारी 1970 चा, दुसरा ‘पॅरानॉइड’ त्याच वर्षीचा. दोन्हींत गिटार मुख्यतः नेहमीच्याच जुळवणीत आहे, सर्वांत जाड तार पांढरी तीनवर. ती तीन अर्धस्वर खाली, काळी एकवर आली 1971 च्या ‘मास्टर ऑफ रिअॅलिटी’मधल्या काही गाण्यांत, अपघातानंतर सहा वर्षांनी. जडपणा त्याआधीच होता.

तो कुठून आला? पहिल्या अल्बमचे पहिलेच गाणे घ्या. आयोमी षड्ज घेतो, वरचा षड्ज घेतो आणि उतरतो तो तीव्र मध्यमावर. आपण यमनमध्ये रोज ऐकतो तोच मध्यम. पण यमनात तो पंचमाची ओढ लावतो. आयोमी त्याला तिथेच थरथरत ठेवतो, सुटका देत नाही. (मध्ययुगीन चर्चने या स्वरांतरावर बंदी घातली होती, ही कथा चवीने सांगितली जाते; तिला भक्कम पुरावा नाही.) हा निर्णय कानाचा आहे. अपघाताचा वाटा मी मानतो, पण तो वेगळा: भरगच्च कॉर्ड अवघड झाले, म्हणून दोन-तीन तारांचे आटोपशीर आकार त्याने जवळ केले आणि त्यांतूनच भरीव आवाज काढला.

शिस्तीचे श्रेयही द्यायला हवे. 1968 च्या अखेरीस तो काही आठवडे ‘जेथ्रो टल’मध्ये गेला. तिथे सकाळी वेळेवर सराव सुरू होई. परत आल्यावर आपल्या तिघा सोबत्यांनाही त्याने सकाळी उठवायला सुरुवात केली. पुढे गायक बदलले, ढोलिये बदलले. बँडमध्ये अखंड राहिला तो एकटा. 2012 मध्ये कर्करोगाचे निदान झाले. उपचार चालू असतानाच ‘13’ हा अल्बम झाला.

अपघाताने कला घडवली, हे वाक्य मला खुपते त्याला कारण आहे. आमच्या शेडमध्येही एकाची दोन बोटे गेली. तोही बदलीवर उभा होता. तो सुरेख ढोलकी वाजवी. नंतर त्याला गेटवर बसवले. त्याच्यासाठी रेकॉर्ड घेऊन कोणी गेले नाही, मीही नाही.

5 जुलै 2025 रोजी बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्कवर मूळ चौघे अखेरचे एकत्र वाजले. चौघेही त्याच अॅस्टन भागात वाढलेले. आयोमी सत्त्याहत्तर वर्षांचा होता आणि उजव्या हाताच्या दोन बोटांवर टोप्या होत्या.