वाटणीच्या यादीतले पूर्वज

अमेरिकेतला कृष्णवर्णीय माणूस आपल्या घराण्याचा माग काढू लागला, की १८७०च्या जनगणनेपर्यंत बऱ्यापैकी सहज पोचतो. नाव, वय, धंदा, जन्माचं राज्य, घरातली पोरंबाळं, सगळं तिथं लिहिलेलं असतं. त्यामागे वाट एकदम बंद होते. १८५० आणि १८६० साली गुलामांची मोजणी वेगळ्या तक्त्यावर झाली. त्यात नाव मालकाचं, आणि त्याखाली बाई की पुरुष, वय, वर्ण काळा की मिश्र, एवढंच. वंशावळी धुंडाळणारे याला ‘१८७०ची भिंत’ म्हणतात. ती ओलांडायची तर स्वतःच्या पूर्वजांचा शोध थांबवून त्यांच्या मालकाच्या मागे लागावं लागतं: तो कधी मेला, मृत्युपत्र कुठल्या कोर्टात दाखल झालं, लेकी कुठे दिल्या, डोक्यावर कर्ज किती होतं.

पण मालक ओळखायचा कसा? गुलामगिरीतून सुटका झाल्यावर सगळ्यांनी शेवटच्या मालकाचंच आडनाव लावलं, हा समज फसवा आहे. कुणी आधीच्या मालकाचं लावलं, कुणी बापाचं, कुणी स्वतःला आवडेल ते. १८६५ ते १८७४ या काळात मुक्त गुलामांसाठी एक बँक चालली. तिच्या खातेदारांच्या नोंदींत कधी आईबाप आणि भावंडांची नावं मिळतात, कधी जुन्या मालकाचंही. असा धागा हाती आला, की मग मृत्युपत्राची पाळी.

या मृत्युपत्रांची भाषा समजायला व्हर्जिनियाच्या १६६२च्या कायद्याकडे जावं लागतं. इंग्रजांच्या रिवाजात मूल बापाचं. या वसाहतीत मात्र मूल गुलाम की स्वतंत्र, हे आईवरून ठरेल असं ठरवलं गेलं. मालकानेच गुलाम बाईला मूल दिलं, तरी ते त्याच्या मालमत्तेत जमा. म्हणून मृत्युपत्रात एखादी मुलगी ‘तिच्या पुढच्या वाढीसकट’ लेकीला दिलेली दिसते. जन्माला न आलेली नातवंडंही आधीच वाटून टाकलेली. या निर्दय कलमाचा एक उलटा परिणाम असा, की कागदोपत्री आईची बाजू त्यातल्या त्यात सलग सापडते. बापाची जागा बहुतेक वेळा कोरी.

मिशेल ओबामांच्या खापरपणजोबांची आई, मेल्विनिया, अशीच सापडली. दक्षिण कॅरोलिनातल्या डेव्हिड पॅटरसन नावाच्या म्हाताऱ्या मालकाने १८५० साली मृत्युपत्र केलं. चरखे, विळे, मेजावरची कापडं आणि गुरंढोरं यांच्या वाटणीत ही सहा वर्षांची मुलगीही होती. पुढे तिची किंमत ठरली ४७५ डॉलर, आणि म्हातारा गेल्यावर ती जॉर्जियाला, त्याच्या लेकी-जावयाच्या शेतावर गेली. जावयाचं आडनाव शील्ड्स. तेच १८७०च्या जनगणनेत तिच्या नावापुढे दिसतं. सोबत चार मुलं, त्यांतली तिघं मिश्र वर्णाची. १९३८ साली ती वारली, तेव्हा मृत्यूच्या दाखल्यावर आईबापांच्या नावांच्या जागी ‘माहीत नाही’ असं लिहिलं गेलं. मेगन स्मोलेन्याक या वंशावळ-अभ्यासक आणि पत्रकार रेचल स्वार्न्स यांनी २००९ मध्ये हा माग जगासमोर मांडला. मृत्युपत्रात मेल्विनियाचं नाव आलं, ते तिला ओळखीच्या माणसांतून उचलायचं ठरलं म्हणून. घर मोडताना शाई खर्च झाली. ते नांदत होतं तेव्हा कुणाला लिहायची गरजच पडली नव्हती.

माझ्या मते मृत्युपत्रापेक्षा त्यानंतर होणारी मालमत्तेची यादी जास्त बोलकी. मृत्युपत्रात मालकाची इच्छा असते. यादीत प्रत्येक माणसाचं नाव आणि पुढे किंमत. चार्ल्स्टनचा व्यापारी रॉबर्ट मार्टिन १८५२ साली मेला. त्याच्या यादीत रोझ आहे आणि ॲशली आहे. दोघींची मायलेकी म्हणून ओळख पटते ती दुसरीकडूनच: ॲशलीच्या नातीने, रूथ मिडलटनने, १९२१ साली एका जुन्या पिशवीवर आजीची विक्री दोऱ्याने भरतकामात लिहून ठेवली होती. इतिहासकार टाया माइल्स यांच्यासारख्या अभ्यासकांनी पिशवी आणि यादी यांची सांगड घातली.

मोठ्यांच्या मृत्युपत्रांचं कौतुक जरा जपूनच करावं. जॉर्ज वॉशिंग्टनने १७९९च्या मृत्युपत्रात स्वतःचे १२३ गुलाम पत्नीच्या मरणानंतर मुक्त करायचं लिहिलं. मार्थाने ते १८०१च्या पहिल्याच दिवशी सोडले. पण माउंट व्हर्ननवर एकूण ३१७ गुलाम होते आणि त्यांतले निम्म्याच्या आसपास मार्थाच्या पहिल्या नवऱ्याच्या, कस्टिसच्या, इस्टेटीचे. दोन्हीकडच्यांची आपसात लग्नं झालेली. परिणामी नवरा सुटला, बायको-पोरं कस्टिस वारसांत वाटली गेली. जेफरसनने १८२६ साली पाच जणांना स्वातंत्र्य दिलं. त्यांतला लोहार जो फॉसेट मुक्त व्हायच्या आधीच, जानेवारी १८२७ मध्ये, त्याची बायको-मुलं लिलावात उभी राहिली. मालक कर्जबाजारी असला की सावकाराचा हक्क पहिला.

त्या पाचांतलाच मॅडिसन हेमिंग्ज. त्याने १८७३ मध्ये ओहायोतल्या एका वृत्तपत्राला सांगितलं, की जेफरसन माझा बाप. त्याच वर्षी पुण्यात जोतीराव फुल्यांची ‘गुलामगिरी’ आली, गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकनांना अर्पण केलेली. हेमिंग्जचं म्हणणं मात्र तिकडच्या विद्वानांनी शंभरावर वर्षं उडवून लावलं. १९९८च्या डीएनए चाचणीनंतर आणि ॲनेट गॉर्डन-रीड यांच्या संशोधनामुळे वारं फिरलं. मृत्युपत्रात पाच नावं होती. त्यांतल्या दोघांशी असलेलं नातं लिहायचं सोडून दिलेलं होतं.

घराण्यातल्या ऐकीव कथा आणि कागद नेहमी जुळतातच असंही नाही. ॲलेक्स हेली यांच्या ‘रूट्स’ने १९७६ नंतर हजारो माणसांना दफ्तरखान्यांत पाठवलं. पण गॅरी आणि एलिझाबेथ मिल्स या अभ्यासकांनी दाखवून दिलं, की पुस्तकातला पूर्वज कुंटा किंटे याचं जहाज १७६७ मध्ये धक्क्याला लागायच्या आधीपासूनच, त्याला गुलामगिरीत मिळालेलं म्हणून सांगितलेलं ‘टोबी’ हे नाव त्याच्या मालकांच्या, वॉलर घराण्याच्या, कागदांत आहे.

एका मृत्युपत्राच्या आधारे तर वंशजांनी थेट जमीनच मागितली. व्हर्जिनियाचा जॉन रँडॉल्फ १८३३ साली मेला. परस्परविरोधी मृत्युपत्रं मागे ठेवून. एकात गुलामांना मुक्ती आणि जमिनीसाठी पैसे, दुसऱ्यात नाही. नातेवाइकांनी त्याच्या वेडेपणाचा मुद्दा काढला आणि खटला बारा-तेरा वर्षं चालला. १८४६ मध्ये ३८३ माणसं अखेर ओहायोला निघाली. मर्सर परगण्यात त्यांच्यासाठी जमीन घेतलेली होती, पण गोऱ्या रहिवाशांनी पाय ठेवू दिला नाही. माणसं पिक्वा, ट्रॉय, सिडनी अशा गावांत पांगली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांच्या वंशजांनी त्या जमिनीसाठी कोर्टात धाव घेतली. दावा फेटाळला गेला.